काका, डावीकडून बाईक!

१७ जानेवारी, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

बाबांचा आज शाळेत सत्कार होता. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं ना, त्यातलाच कार्यक्रम. एकोणीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली, एकही अपघात नाही — म्हणून शाल, नारळ आणि काचेच्या फ्रेममधलं प्रशस्तिपत्र. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हिरामणकाकांसारखा चालक मिळणं हे आपल्या शाळेचं भाग्य." मी गोडाऊनमधून अर्धी सुट्टी टाकून गेले होते. टाळ्या वाजवून तळवे लाल!

स्कूटी सर्व्हिसिंगला दिलेली. म्हटलं, येताना बाबांच्याच व्हॅनमधून येऊ. कॉलेज सुटल्यापासून त्यात बसलेच नव्हते. नऊ पोरं. मी मागे, दप्तरांच्या ढिगात. पुढं बाबांच्या शेजारी मृणाली — चौथीतली, दोन वेण्या, नारपोलीला राहते. गाडी सुटली तशी तिची टकळी सुरू.

"काका, डावीकडून बाईक."

"काका, आजी चालल्यात कडेनं."

"काका, उजवीकडून टेम्पो घुसतोय, घुसतोय... गेला."

बाबा नुसते "हां" म्हणायचे. मला हसू आलं. किती गोड! मी मोबाईल काढून व्हिडिओसुद्धा घेतला.

अंजूरफाट्याच्या अलीकडं मृणालीच्या बाटलीचं झाकण पडलं. ती खाली वाकली. बोलणं थांबलं. आणि डावीकडून एक माणूस सायकल ढकलत रस्त्यात उतरला. कॅरिअरवर कापडाचे तागे. भर दुपार, लख्ख ऊन. मला मागच्या सीटवरून तो दिसत होता. बाबा सरळ चालले होते. वेग कमी नाही, हॉर्न नाही, काही नाही!

मी किंचाळले. ब्रेक लागला. पोरं एकमेकांवर पडली. सायकल आडवी, तागे रस्त्यावर. तो माणूस बॉनेटपासून हातभर लांब उभा होता. मग खिडकीशी येऊन ओरडला, "अंधे हो क्या, चचा?"



आणि मृणाली रडायला लागली. "सॉरी काका. सॉरी. मी झाकण उचलत होते."

ती कशाला सॉरी म्हणतेय? नऊ वर्षांची पोर सॉरी कशाला म्हणतेय?

१८ जानेवारी, शनिवार

आज शाळेला सुट्टी. बाबा ओट्यावर चहा पीत बसलेले. सरळ विचारलं.

"बाबा, तुम्हाला दिसतं ना नीट?"

"मना काय झालंय? तो पोरांचा खेल हाय. मृणालीला बडबड करायची सवय."

"काल तो सायकलवाला दिसला नाही तुम्हाला."

"तू वरडलीस म्हणून घोटाला झाला."

माझ्यावरच! मी पण हट्टाला पेटले. समोर रस्त्यापलीकडं कंटेनर उभा होता. म्हटलं, त्याचा नंबर वाचा. वाचला. एक डोळा झाकून वाचा. वाचला. दुसरा झाकून. तोही वाचला. वर मालकाच्या नावाखाली बारीक अक्षरात रंगवलेला फोन नंबर होता, तो मला डोळे बारीक करून लागत होता — बाबांनी घडाघडा सांगितला.

"झालं समाधान?"

लाज वाटली. लायसनच्या अर्जात हेच विचारतात — पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का. बाबा पास. त्यांच्यावर संशय घेणारी मी कोण? आईनं पण सुनावलं, "बापाची परीक्षा घेतंस व्हय?"

तरी ती सायकल डोळ्यांपुढून जात नाही.

१९ जानेवारी, रविवार

जेवताना बाबांचा हात डावीकडच्या वाटीला लागला. वाटी उलटली. कालवण ताटाबाहेर. आई उठून फडकं घेऊन आली. जसं रोजचंच.

स्वयंपाकघरात तिला गाठलं. नेहमी होतं असं?

"वरीस झालं," आई म्हणाली. "म्हणून मी सगलं त्यांच्या समोरच ठेवतंय. आज तू वाढलंस ना. वय झालंय गं, दुसरं काय."

वय झालंय! सत्तावन्न!

समोरचं दिसतं. बाजूचं दिसत नाही. कंटेनर समोर उभा होता — म्हणून नंबर वाचला.

उद्या सोमवार. नऊ पोरं.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी बाबांना म्हटलं, आज गाडी काढू नका. ऐकलं नाही. "पोरांची शाला बुडवू?" मग मी दापोड्याला, गोडाऊनवर फोन करून रजा टाकली आणि व्हॅनमध्ये पुढं जाऊन बसले. म्हटलं, मी पण येणार.

मृणाली आली आणि दारातच थबकली. "ताई, ही माझी जागा आहे."

"आजच्या दिवस मी बसते."

"मग काकांना कोण सांगणार?"

बाबांनी मान वळवली नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या.

मीच सांगत गेले. डावीकडून रिक्षा. उजवीकडून कंटेनर वळतोय. बाई, हातात मूल. कुत्रा. हातगाडी. परत रिक्षा. पंचवीस मिनिटं! एक सेकंद डोळा बाजूला करता येत नव्हता. शाळेच्या फाटकाशी उतरले तेव्हा कुठं थांबले. मी एकोणतीस वर्षांची. दिवसभर गोडाऊनच्या गेटवर ट्रक आत-बाहेर करते. आणि हे काम ती पोर रोज करते, दोनदा, युनिफॉर्म घालून!

दप्तर देताना तिला हळूच विचारलं, हा खेळ कधीपासून?

"गणपतीच्या सुट्टीनंतर. आधी सगळ्यांचा नंबर लागायचा, पण बाकीचे विसरतात." मग नियम सांगितले. अगदी गंभीरपणे. "समोरचं काकांना दिसतं. ते नाही सांगायचं. फक्त बाजूचं सांगायचं. आणि झोपायचं नाही."

झोपायचं नाही!

पोरं आत गेली. रिकाम्या व्हॅनमध्ये बाबांना म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडं येणार की नाही? न्हाय म्हणाले. म्हटलं, मग मी नोकरी सोडून रोज इथंच बसेन. मग म्हणाले, "उद्या चल."

पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला — व्हॅन बिघडली आहे, आज पोरांना न्यायला या, पुढं दोन दिवस येणार नाही. गाडीला काय झालंय? गाडी ठणठणीत आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना.

कल्याणला गेलो होतो, रिक्षानं. आधी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. बाबांनी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचली आणि माझ्याकडं बघितलं — बघ, म्हटलं नव्हतं? मलाही वाटलं, सुटलो! मग डोळ्यांचं प्रेशर मोजलं. डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. म्हणाल्या, फील्ड टेस्ट करू.

एका पांढऱ्या डब्यात तोंड घालायचं. एक डोळा बंद. आत बारीक बारीक दिवे लागतात, कधी वर, कधी खाली, कधी कडेला. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते. मशीनचा आवाज येत होता. बाबांनी सुरुवातीला चार-पाच वेळा दाबलं. मग नाही. मशीन चालूच. बटण नाही. मी मनात म्हणतेय, दाबा ना बाबा, दाबा!

कितीतरी वेळानं बाबा आतूनच म्हणाले, "म्याडम, मशीन बंद पडली काय?"

टेक्निशियन मुलगी माझ्याकडं बघायलाच तयार नाही. "चालू आहे काका," एवढंच म्हणाली.

कागद आला. दोन गोल. मधे थोडं पांढरं, बाकी सगळं काळं. डाव्या डोळ्याचं तर पांढरं म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. डॉक्टरबाईंनी कागद गुंडाळून नळी केली, माझ्या डोळ्याला लावली. "असं दिसतं यांना. म्हणून अक्षरं वाचता येतात. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही. तीन-चार वर्षं तरी झाली असतील." गेलेलं परत येत नाही म्हणाल्या. उरलंय ते टिकवायचं, थेंब घालून, जन्मभर.

मग पेन उचललं. "काम काय करता?"

मी म्हटलं, शाळेची व्हॅन चालवतात.

त्यांचं पेन तसंच हातात. माझ्याकडं, बाबांकडं, परत माझ्याकडं. "मुलं असतात त्यात?"

येताना रिक्षात बाबा कडेला बसले होते. मी त्यांच्या डावीकडं. मुद्दाम हात हलवून बघितला, अगदी कानाजवळ. कळलं नाही त्यांना.

२२ जानेवारी, बुधवार

तीन-चार वर्षं, म्हणाल्या डॉक्टर. कामावर सकाळपासून तेच डोक्यात. आणि अकराच्या सुमारास एकदम आठवलं — बाबांचं लायसन तर दोन वर्षांपूर्वी रिन्यू झालंय!

चाळिशीनंतर, आणि धंद्याच्या गाडीला तर दर वेळेला, डॉक्टरचा दाखला लागतो. मग दाखला दिला कुणी?

जेवणाच्या सुट्टीत मोबाईलमधले जुने मेसेज शोधले. सापडलं. आरटीओ एजंट लडकूनं दाखल्याचा फोटो पाठवला होता. डॉक्टरचा शिक्का, सही, 'डोळे तपासले, दृष्टी योग्य'. बाबा त्या डॉक्टरकडं गेलेच नव्हते. खाली माझं उत्तर — 'थँक यू दादा, अपलोड केला.' अंगठा पण टाकलाय!

मी. मी अपलोड केला! अर्ज मीच भरला होता, गेटवरच्या खुर्चीत बसून, दोन ट्रकच्या मधल्या वेळात. नंबरप्लेट वाचता येते का — हो. डोळ्यांचा काही आजार — नाही. दृष्टीत काही दोष — नाही. टिक, टिक, टिक. बाबांना विचारलंसुद्धा नाही. त्यांचा एक फेरा वाचला म्हणून खूश होते मी.

लडकूला फोन केला. तो हसला! "ताई, सगले तसंच करतात. डॉक्टर एकेकाचे डोले बघत बसला तर लायन लागंल. तुमचंच काम लवकर करून दिलं ना तवा?"

खरंच करून दिलं होतं.

दुपारी गेटवर नेहमीसारखी लायसनं तपासली. रोज शंभर-सव्वाशे येतात. मुदत संपलेली असेल तर ट्रक आत सोडत नाही मी. कडक म्हणून नाव आहे माझं. आज एका ड्रायव्हरचं लायसन हातात घेतलं, तारीख बघितली, बरोबर होती. मग मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं. पन्नाशीचा असेल. "क्या हुआ मॅडम?" म्हणाला. काही नाही म्हटलं. सोडला. मला काय माहीत त्याचे डोळे कसे आहेत!

२३ जानेवारी, गुरुवार

सहा वाजता व्हॅनच्या इंजिनच्या आवाजानं जाग आली.

अनवाणी धावले. बाबा गाडीत, शर्ट-पँट घालून, केस विंचरून. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं — आज तरी येणार का काका? तेवढं वाचून निघाले होते! मी गाडीच्या समोर जाऊन उभी राहिले. बरोबर मधोमध. जिथं त्यांना दिसते तिथं.

"सर बाजूला."

"नाही."

"थेंब घातलेत मी. बरं हाय आता."

"बाबा, थेंबांनी येत नाही परत. डॉक्टर तुमच्या समोर बोलल्या."

"एकोनीस वर्सं चालवलीय. रस्ता पाठ हाय मना!"

"रस्ता पाठ आहे. माणसं पाठ आहेत का?"

शेजारचे बाहेर आले. तुळशीराम काका दात घासत उभे. आई रडत होती, म्हणत होती, "जाऊ दे गं, लोक बघतात." मी म्हटलं, बघू देत. बाबा, गाडी हलली तर मी नारपोली पोलीस स्टेशनला जाईन. माझ्या बापाविरुद्ध तक्रार देईन. तो खोटा दाखला मीच अपलोड केलाय, हेही सांगेन. दोघं जाऊ आत.

असं बोलेन असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं.

इंजिन बंद झालं. बाबा उतरले नाहीत. मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. मृणालीच्या जागेवर.

मग बाबा बोलायला लागले. समोरच बघून.

"गणपतीच्या आधी येक पोरगा उतरला गाडीतून. मना वाटलं गेला. मी गाडी काढली. मागून बाया वरडल्या. पोरगा डाव्या चाकाशी वाकला होता, चप्पल घालत. दिसलाच न्हाय मना. येवढासा लांब हुता, माधवी. येवढासा." बोटांनी दाखवलं. "त्या दिवशी कललं मना, काहीतरी झालंय. म्हणून पोरांना बोललो, चला खेल खेलू."

म्हणजे बाबांना माहीत होतं! पाच महिने! मी समजत होते, नकळत झालं. त्यांना माहीत होतं, आणि तरी रोज नऊ पोरं भरून...

तोंडाला येईल ते बोलले मी. इथं लिहिणार नाही. ते ऐकत बसले. मग म्हणाले, "घरी बसून काय करू, ह्या भ्यानं केलं. दुसरं काय येतंय मना?"

किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

मी पर्समध्ये टाकली. वाटलं होतं, किल्ली मिळाली की बरं वाटेल. नाही वाटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

बाबा म्हणाले, ग्रुपवर लिहू नको. मी सांगतो तोंडानं. घरोघर.

चालत गेलो. नऊ घरं. प्रत्येक दारात बाबा तेच वाक्य बोलले — "मना बाजूचं दिसत न्हाय. मी लपवलं. तुमची पोरं तशीच नेली."

एका घरात आजीनं पाणी दिलं, म्हणाली, सांगितलंत हेच खूप. एका घरात दार तोंडावर आपटलं. जीवनच्या — चप्पल घालत होता तो पोरगा — जीवनच्या वडिलांनी बाबांची कॉलर धरली. मी मधे पडणार होते, बाबांनी हातानं थांबवलं. जीवन आतून ओरडत होता, "पप्पा, काका आहेत ते! काकांना सोडा!" त्या माणसानं कॉलर सोडली आणि भिंतीला टेकून रडायला लागला. यंत्रमागावर काम करणारा दांडगा गडी. माझ्यानं बघवेना.

मृणालीच्या घराला कुलूप. आई ड्युटीवर. शेजारणीकडं निरोप ठेवला.

शेवटी शाळा. मुख्याध्यापिकांना पहिल्यांदा कळेचना. गेल्या शुक्रवारी तर सत्कार! मग कळलं, तशा खुर्चीत बसल्या. "आमच्याकडं दर वर्षी तुमच्या लायसनची झेरॉक्स येते हो," म्हणाल्या. "व्हॅनमध्ये मदतनीस बाई असावी असा नियम आहे, तेही आम्ही कागदावरच..." वाक्य पूर्ण केलं नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आरटीओत गेलो, लायसन परत करायला. खिडकीवरचा माणूस दोनदा विचारतो, "रिन्यू?" नाही हो, परत. "हरवलं का?" नाही, हे बघा. परत द्यायचंय. त्यानं शेजारच्याला बोलावलं. शेजारच्यानं साहेबांना. साहेब म्हणाले, असं स्वतःहून कुणी येत नाही. लेखी अर्ज द्या.

बाबांनी अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला. ओळ उजवीकडं सरकत सरकत कागदाच्या बाहेर टेबलावर गेली. मी कागद नीट धरला.

दाखल्याचंही मी लिहून दिलंय. डॉक्टरचं नाव, लडकूचं नाव, माझं नाव. साहेबांनी वाचलं, म्हणाले, "ताई, तुमचं नाव कशाला घालता?" म्हटलं, असू दे. चौकशीला बोलावतील. बोलावू देत.

३० जानेवारी, गुरुवार

बाबा शांत आहेत. थेंब वेळेवर घालतात. पोरं सगळी दुसऱ्या व्हॅनला लागली. आज पहिल्यांदा झोप लागली मला नीट. वाटलं, संपलं एकदाचं.

३ फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत मृणालीची आई गेटवर भेटायला आली. पलीकडच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला असते. मी माफी मागायला हात जोडले. तिनं ते धरून खाली केले.

"मला माहीत होतं, ताई. दसऱ्यालाच मृणालीनं सांगितलं घरी. मीच तिला म्हटलं, तू पुढंच बस, लक्ष ठेव."

माहीत असून रोज पाठवलं?

"मग काय करणार होते? बाकीचे चौदा-चौदा पोरं कोंबतात, पळवतात गाडी. काका निदान हळू चालवायचे."

आणि आता? नवीन व्हॅन कशी आहे?

"ड्रायव्हर तरुण आहे. डोळे चांगलेत. फक्त चालवताना मोबाईल बघतो." ती पदर खोचून निघालीसुद्धा, शिफ्टची घंटा झाली होती. "म्हणून तिथंपण मृणालीलाच पुढं बसवलंय."